सातव्या दीपगृहाचं चित्र

फार पूर्वी समुद्राकाठच्या एका गावात लाकडाची चित्रं करणारा एक कारागीर राहत होता. लाकडावर रंगवलेली नव्हेत बरं का, लाकडाचीच. फणसाचं पिवळं, शिसवीचं काळं, खैराचं तांबूस, कुड्याचं पांढरं अशी निरनिराळ्या झाडांची लाकडं तो कागदासारखी पातळ तासायचा, त्यांचे नखाएवढे तुकडे कापायचा आणि एकाला एक असे भिडवायचा की मध्ये केसही जाऊ नये. रंगाचा थेंबही न वापरता त्याच्या चित्रातला समुद्र ओला वाटायचा.

त्या राज्याच्या राणीला एक काळजी होती. राजधानीच्या बंदरातून गलबतं दक्षिणेला निघाली की वाटेत सात दीपगृहं लागत. सगळी जुनी, राणीच्या पणजोबांच्याही आधीची. प्रत्येकाच्या शेजारी कुठे ना कुठे खडक होताच. नवख्या तांडेलांना, म्हणजे गलबत हाकणाऱ्यांना, ते ठाऊक नसायचं आणि दरवर्षी एखादं गलबत फुटायचं. म्हणून राणीने ठरवलं की राजधानीतल्या खलाशांच्या धर्मशाळेत भिंतीवर सातही दीपगृहांची चित्रं लावायची, समुद्रातून दिसतात तशी, खडकांसकट. रंग खाऱ्या हवेत उडतात, तेव्हा चित्रं लाकडाचीच हवीत. काम अर्थातच आपल्या कारागिराकडे आलं.

या कामात एक गोम असते. चित्र पालथं जुळवावं लागतं. तुकड्यांची चांगली बाजू खाली, पाठ वर. पाठीवर सरस लावून फळी चिकटवायची आणि मग सगळं उलटवायचं. उलटवलं की डावीकडचं उजवीकडे जातं, म्हणून आधीचं रेखाटन उलटं काढायचं. कारागीर रोज संध्याकाळी बायकोचा आरसा मागून घ्यायचा, रेखाटनाजवळ धरायचा आणि आरशात दीपगृह सुलटं दिसतंय ना, ते पाहायचा. लग्नात आणलेला आरसा माझ्यापेक्षा दीपगृहांच्याच जास्त कामी येतोय, असं बायको चिडवायची.

सहा चित्रं अशी झाली. सातवं दीपगृह त्याच्याच गावचं होतं. जन्मापासून डोळ्यांसमोरचं. त्याला कशाला हवाय आरसा? हे तर मी झोपेतही काढीन, असं म्हणून त्याने आरसा मागितलाच नाही. आणि जिथे सवय असते तिथेच माणूस गाफील राहतो, तसं झालं. त्याने रेखाटन सुलटंच काढलं. तुकडे जुळवले, फळी चिकटवली, चित्र उलटवलं. मनोरा दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळे चूक कुठे दिसलीच नाही. फक्त काळा खडक होता तो उजव्या हाताचा डाव्या हाताला गेला.

धर्मशाळेत चित्रं लागली. जुन्या तांडेलांनी वा वा केलं. त्यांना वाटा पाठ होत्या, त्यामुळे त्यांनी चित्राकडे वाट म्हणून पाहिलंच नाही. राणीने कारागिराला भरल्या सभेत पागोटं बांधलं. एक तरुण तांडेल मात्र प्रत्येक चित्रासमोर उभा राहून बोटाने वाट गिरवत होता. या किनाऱ्यावर तो पहिल्यांदाच आला होता. गलबतावर त्याची बायको होती, तीन महिन्यांची मुलगी होती. परवा पहाटे निघून आम्ही तुमच्याच गावच्या बंदरात येणार, आता मला कुणाला काही विचारायला नको, असं तो कारागिराला आनंदाने सांगत होता. कारागिरालाही फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारागीर एका लहान मचव्यातून गावाकडे निघाला. दुपारी गावचं दीपगृह दिसू लागलं. ओहोटी होती, खडक उघडा पडला होता. मचवा खडकाला उजव्या हाताला ठेवून रोजच्यासारखा आत शिरला आणि कारागीर ताडकन उठून उभा राहिला. चित्रात खडक डाव्या हाताला होता. भरती असली की हा खडक पाण्याखाली जातो आणि वरून काहीच दिसत नाही. तो तरुण तांडेल चित्राप्रमाणे उजव्या बाजूने आला, तर थेट खडकावर चढणार.

घरी येऊन तो जेवायला बसला, पण ताट बाजूला सारलं. त्याने बायकोला सगळं सांगितलं आणि मग आपणच आपली समजूत घालू लागला. तांडेल कुणाला तरी विचारेलच. दीपगृहावरचा माणूस हाक मारेल. आणि कालच सगळ्यांसमोर पागोटं बांधलं, आज कोणत्या तोंडाने सांगायचं?

बायकोने ऐकून घेतलं. ती म्हणाली, "मचवा अजून धक्क्यावर आहे. तो परत राजधानीलाच जाणार. भाकरी बांधून देऊ का, तेवढं सांगा."

कारागीर उठला. त्याने भाकरीही घेतली नाही.

गलबत उद्या पहाटे सुटणार म्हणून तो जरा निर्धास्त होता. पण अर्ध्या वाटेत समोरून भरल्या शिडांनी एक गलबत येताना दिसलं. वारा चांगला मिळाला म्हणून तरुण तांडेल एक दिवस आधीच निघाला होता. कारागिराने मचवा आडवा घालायला लावला आणि ओरडून सांगितलं की खडक उजव्या हाताला आहे, डाव्या नव्हे.

तांडेल वरून हसला. "काका, मी चित्र नीट पाहिलंय. डावीकडेच आहे."

"ते चित्र मी केलंय."

"मग तर झालंच."

"मी ते चुकीचं केलंय," कारागीर म्हणाला. "आरसा न धरता केलं. खडक उलट्या बाजूला गेला. मला आत्ताच कळलं."

इतक्या वाखाणलेल्या चित्राला त्याचाच कर्ता चुकीचं म्हणतोय, हे तांडेलाला खरंच वाटेना. मग कारागिराने डोक्यावरचं पागोटं उतरवलं आणि मला वर घे, म्हणाला. मी तुझ्याबरोबर येतो. गलबत फुटलं तर मीही त्यातच असेन.

संध्याकाळी ते बंदराशी पोहोचले तेव्हा पूर्ण भरती होती. दोन्ही बाजूंना सारखंच निळं पाणी, खडकाचा मागमूस नाही. तांडेलाने डावीकडून गलबत आत घातलं. तेवढ्यात एक मोठी लाट ओसरली आणि उजव्या हाताला, चार हातांवर, खडकाची काळी पाठ क्षणभर वर आली आणि पुन्हा बुडाली. तांडेलाच्या बायकोने मुलीला छातीशी घट्ट धरलं. मग वर दीपगृहात दिवा लागला आणि तांडेलाने इतका मोठा श्वास सोडला की सगळेच हसू लागले. कारागीर हसता हसता रडला.

दुसऱ्या दिवशी तो राजधानीला गेला आणि भरल्या सभेत चूक सांगितली. राणीने एवढंच विचारलं, "आणि बाकीची सहा?"

"ती आरशात पाहून केलीत."

राणीने चित्र उतरवायला सांगितलं आणि पागोटंही ठेवून घेतलं. नवं चित्र आणाल तेव्हा न्या, म्हणाली. चूक ती चूक. पण परतताना कारागिराला आपलं उघडं डोकं फार हलकं वाटत होतं. महिन्याभरात त्याने सातवं चित्र पुन्हा केलं आणि पागोटं घेऊन आला.

पुढे नवखे तांडेल धर्मशाळेत येत तेव्हा विचारत, या चित्रांवर विसंबायचं कशावरून? तेव्हा तो तरुण तांडेल, जो आता तितकासा तरुण राहिला नव्हता, त्यांना सांगत असे, "ज्याने केलीत, त्याने यातलं एक चुकलं होतं ते स्वतः येऊन सांगितलं. बाकीची बरोबरच असणार."

चुकलेलं चित्र कारागिराने आपल्या कामाच्या खोलीत टांगलं आणि समोरच्या भिंतीवर बायकोचा आरसा लावला. त्या आरशात खडक अगदी बरोबर उजव्या हाताला दिसायचा.

तात्पर्य: आपली चूक बहुधा आधी आपल्यालाच कळते. कुणाचं नुकसान होण्याआधी जो ती स्वतः सांगतो, त्याच्या बाकीच्या कामावर लोक निर्धास्तपणे विसंबतात.