मधाची राखण

जगात अजून कुऱ्हाड आली नव्हती, तेव्हाची गोष्ट. ऐनाच्या झाडाच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं आणि सोनकी नावाची माशी मधाची राखण करायची. मध जागेवर आहे ना, हे बघायला तिच्या हाताखालच्या माश्या रोज प्रत्येक घराचं मेणाचं झाकण फोडत, थेंबभर मध चाखत आणि नवं झाकण लावत.

एक दिवस मध कमी भरला. सोनकी चक्रावली. बाहेरून मुंगीही आली नव्हती, ढोलीला कुठे भेग नव्हती. तिने तपासणी दिवसातून चारदा सुरू केली. मध आणखी उतरला. मग तिने फुलांवर जाणाऱ्या माश्याही तपासणीला जुंपल्या. आता तर मध डोळ्यांदेखत आटू लागला.

"मावशी, माझी मतीच गुंग झालीय," ती म्हाताऱ्या भुरकीला म्हणाली. "एवढी नजर ठेवूनही चोर सापडेना. पावसाळ्यात पिल्लं खातील काय?"

भुरकी झाकणांसाठी मेण काढत होती. "मेण पुरवता पुरवता मी दमले गं," ती म्हणाली. "आणि पोटात मध गेल्याशिवाय अंगातून मेण सुटत नाही."

"तुझं मेण राहू दे. मी चोराचं बोलतेय," सोनकी करवादली. तिने समोरचं झाकण फोडलं, सवयीने थेंब चाखला आणि तशीच थबकली. थेंब जिभेवर गोड लागत होता.

मग ती म्हणाली, "मावशी, एवढं एक झाकण लाव. शेवटचं."