गाडग्यातल्या गुंजा

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या वेळच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही.

त्या राज्यातल्या एका गावात एक कुंभारीण राहायची. वय झालेलं, चाक आता मुलाच्या हाती. तिची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे गावची म्हातारी कासारीण. कासारणीला पुढेमागे कुणी नव्हतं आणि गुडघे धरल्यामुळे घराबाहेर पडणंही बंद झालं होतं. कुंभारीण रोज दुपारी तिच्याकडे जायची आणि दोघी सागरगोटे खेळायच्या. कासारीण हटकून लबाडी करायची, कुंभारीण हटकून भांडायची.

"अगं, गोटा खाली पडला! डाव गेला तुझा."

"पडला असेल. तुला एवढं दिसतंय कुठं?"

दिवेलागणीला कुंभारीण घरी निघायची तेव्हा कोण जिंकलं हे दोघींनाही सांगता आलं नसतं. पण या भांडणातच कासारणीचा घसा बसलाय, रांजणातलं पाणी तळाला गेलंय, सकाळची भाकरी तशीच पडलीय, हे कुंभारणीच्या ध्यानात यायचं. मग ती मुकाट्याने सगळं करून जायची.

गावात एकट्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची अशी बावीस घरं होती. बहुतेकांकडे कुणी ना कुणी जाऊन बसायचं. ओढ्यापलीकडच्या एका म्हाताऱ्याकडे मात्र जायला लोक आळस करायचे. ही गोष्ट प्रधानाच्या कानावर गेली. प्रधान मनाने वाईट नव्हता, फक्त हुशार होता. तो गावात आला तेव्हा भर उन्हात पोरं विटीदांडू खेळत होती. घामाघूम झाली होती, कुणाचे गुडघे फुटले होते, तरी एकही घरी जायला तयार नव्हतं.

"यांना पळायला कुणी सांगितलंय का?" प्रधान पाटलाला म्हणाला. "कुणी नाही. डाव आहे म्हणून पळतायत. मग मोठ्यांनाही एक डाव मांडून देऊ."

कुंभारणीच्या मुलाने बावीस गाडगी घडवली आणि ती बावीस उंबऱ्यांवर बसली. रोज पहाटे प्रधानाचा माणूस प्रत्येक गाडग्यात दहा गुंजा टाकून जायचा. नियम सोपा. उंबऱ्याशी जायचं, "बरं आहे ना?" म्हणून विचारायचं आणि एक गुंज उचलायची. पौर्णिमेला ज्याच्याकडे सर्वांत जास्त गुंजा, त्याला मोरपीस आणि देवीपुढे पहिला दिवा लावायचा मान.

पहिल्याच दिवशी ओढ्यापलीकडच्या म्हाताऱ्याच्या दारात दहाजण आले. म्हातारा आनंदाने रडला. प्रधानाची चूक सांगायची, तर हेही सांगायला हवं.

कुंभारणीला या सगळ्याचं हसू यायचं. ती आपली रोजच्यासारखी कासारणीकडे जाऊन बसायची आणि एक गुंज पदराला बांधून परतायची. पण पहिल्या पौर्णिमेला तेलणीने मोरपीस पटकावलं, आणि कुणीतरी कुंभारणीकडे बघून म्हणालं, "एवढी वर्षं म्हातारीची सेवा करते म्हणे, आणि गुंजा मूठभरच?"

ते तिला लागलं. लागायला नको होतं, पण लागलं.

दुसऱ्या दिवसापासून कुंभारणीच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी दहा गुंजा संपायच्या आत बावीस घरं गाठायची, तर बसून कसं चालेल? तिला चटकच लागली म्हणा ना.

"अगं, टेक जरा. एक डाव होऊ दे," कासारीण आतून म्हणायची.

"उद्या गं. तिकडच्या आळीतल्या गुंजा संपतील."

"तुझा उद्या उजाडेल तेव्हा हाक मार."

पुढे पुढे कुणीच उत्तरासाठी थांबेना. लोक चालता चालता "बरं आहे ना?" म्हणत, वाकून गुंज उचलत आणि पुढच्या दाराकडे धावत. पहिल्या प्रहरातच गाडगी रिकामी व्हायची. मग दिवसभर त्या घरांकडे चिटपाखरूही फिरकायचं नाही.

दुसरी पौर्णिमा आली. संध्याकाळी देवळासमोर मोजणी झाली आणि कुंभारीण पहिली आली. तिने देवीपुढे दिवा लावला, मोरपीस कपाळाला लावलं, आणि तिला एकच तोंड आठवलं. ती तडक कासारणीकडे निघाली.

"अगं, बघ तरी काय आणलंय मी!" म्हणत महिन्याभरात पहिल्यांदाच ती उंबरा ओलांडून आत गेली.

कासारीण जात्याशेजारी पडली होती. पहाटे तोल गेला होता, तेव्हापासून उठता आलं नव्हतं. रांजण चार हातांवर होता, पण तिथवर सरकणंही जमलं नव्हतं. ओठांना भेगा पडल्या होत्या. कुंभारणीने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि थेंबथेंब पाणी पाजलं. बऱ्याच वेळाने कासारणीला शब्द फुटला.

"दहाजण आले गं. मी प्रत्येकाला ओ दिली. तुझा आवाज चौथा होता."

तिने रागाने नव्हतं सांगितलं. रागावली असती तर कुंभारणीला सोसलं असतं.

तिसऱ्या दिवशी कासारीण गेली. कुंभारणीने चावडीवर जाऊन, घडलं ते सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. उरलेल्या नऊजणांनी माना खाली घातल्या. प्रधानाने त्याच दिवशी गाडगी उचलायचा हुकूम दिला.

आता सगळं पूर्वीसारखं होईल, असं त्याला वाटलं. तसं झालं नाही. रिकाम्या हाताने परतायची लोकांची सवय मोडली होती. जे पूर्वी आपसूक जायचे, तेही "जाऊन मिळायचं काय?" म्हणू लागले. ओढ्यापलीकडचा म्हातारा कितीतरी दिवस दाराकडे बघत बसायचा.

त्याच्याकडे आता कुंभारीण जाते. "बरं आहे ना?" विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. म्हातारा फार सावकाश बोलतो.

तात्पर्य: खेळात जिंकण्यासाठी खेळावं, पण माणसाच्या दारात जिंकण्यासाठी जाऊ नये.