कधीच न अडणारं यंत्र

कोनेवाडी नावाच्या एका गावात एक चमत्कारिक रीत होती. वाट विचारणाऱ्याला तिथे कुणी ‘माहीत नाही’ म्हणत नसे. दारी आलेल्याला पाणी न विचारणं आणि वाट विचारणाऱ्याला तसंच पाठवणं, ही दोन्ही पापं गावाच्या लेखी सारखीच. त्यामुळे पाहुण्याने कुठल्याही गावाचं नाव घ्यावं, समोरचा माणूस लगेच बोट दाखवी. ते गाव त्याने पाहिलेलं असो वा नसो. कधी एक जण उगवतीकडे बोट करी, दुसरा मावळतीकडे, आणि दोघेही अगदी मनापासून. वाटसरू बिचारा दोन कोस भटकून परत येई. मग त्याला बसवून चहा पाजत. मन मोठं होतं गावाचं, त्याबद्दल वाद नाही.

या गावात भानुदास काळवणे नावाचा एक उद्योगी माणूस राहत होता. रेशमाच्या बाळअळ्या वाढवणं हा त्याचा धंदा. अंड्यातून निघालेल्या अळ्या तो आणि त्याची बायको प्रयागा आठवडाभर लेकरांसारख्या जपत आणि मग ट्रेमध्ये भरून शेतकऱ्यांना पोचवत. या अळ्यांची गंमत अशी, की वाढता वाढता त्या मधेच झोपतात. अन्न नाही, हालचाल नाही. झोपेत कात टाकतात आणि जाग्या झाल्या की कडाडून भुकेल्या असतात. म्हणून त्या झोपेत असतानाच शेतकऱ्याच्या घरी न्यायच्या. जाग आल्यावर तुतीचा पाला वेळेवर मिळाला नाही किंवा ऊन लागलं, की खेळ खलास.

धंदा वाढला, तशा लांबच्या डोंगरवस्त्यांवरून मागण्या येऊ लागल्या. तिथे फोनला रेंज नसे. भानुदासने ठरवलं, गाडीच्या काचेला चिकटवायचं, नकाशे पोटातच असलेलं, वाट दाखवणारं एक जीपीएस घ्यायचं.

नवरा-बायको शहरातल्या दुकानात गेले. दुकानदाराने तीन यंत्रं मांडली. एकाचा पडदा ताटाएवढा होता. त्याची किंमत ऐकून भानुदासने ते जपून खाली ठेवलं. उरलेली दोन, एक काळं आणि एक करडं, खिशाला परवडणारी होती. भानुदासला भारी कुतूहल. तो एकेकाला दिल्लीची वाट विचारी, काशीची विचारी. दोन्ही यंत्रं पटापट रेघा काढत. निवडावं कसं?

प्रयागा म्हणाली, “अहो, न बघितलेल्या गावाची वाट विचारून काय कळणार? आपल्याच गावाची विचारा. खरं-खोटं समजंल तरी.”

दुकानदारालाही मजा वाटली. त्याने दोन्ही यंत्रांना कोनेवाडी विचारली. काळ्या यंत्राने गोड आवाजात थेट वेशीपर्यंत निळी रेघ ओढली. करड्याने फाट्यापर्यंत नेलं आणि तिथे पडद्यावर अक्षरं उमटली : ‘पुढील रस्त्याची माहिती उपलब्ध नाही.’

प्रयागा वाकून काळ्या यंत्राची रेघ न्याहाळत होती. “हे तर तळ्यातून नेतंय की. तो रस्ता बुडून वीस वर्षं झाली.”

“चूक कुणाच्या हातनं होत नाही?” भानुदास म्हणाला. “पण उत्तर तर दिलं ना! आणि हे करडं बघ, फाट्यावर आणून हात वर केले. असलं गाडीत लावलं तर गाव हसंल मला.”

कोनेवाडीचाच माणूस तो. त्याने काळं यंत्र घेतलं.

आठच दिवसांत लांबची मागणी आली. घाटापलीकडच्या एका वस्तीवर सोजरबाई नावाची बाई होती. तिने एक एकर तुती लावली होती आणि गोठा रिकामा करून त्यात अळ्यांसाठी मांडण्या ठोकल्या होत्या. तिचा मुलगा आणि सून दर वर्षी ऊसतोडीला जात. सोजरबाईने त्यांना सांगून ठेवलं होतं, “पहिलं पीक हाताला लागलं तर यंदा जाऊ नका.” ऊसतोडीची टोळी जमवणारा मुकादम दोनदा येऊन गेला होता. जायचं की राहायचं, हे आता त्या अळ्यांवर ठरणार होतं.

भानुदास आणि प्रयागा झुंजुमुंजू होताच निघाले. मागच्या सीटवर ट्रे, वर ओलं फडकं. यंत्र गोड आवाजात सांगत होतं, “पुढे जा. आता डावीकडे वळा.” भानुदास खूश होता. डांबर संपून खडी लागली, तरी यंत्र म्हणालं, “पुढे जा.” खडी संपून बैलगाडीची चाकोरी लागली.

“कुणाला तरी विचारू या का?” प्रयागा म्हणाली.

“एवढं ठाम सांगतंय ते. उगाच सांगंल का?”

चाकोरी संपून शेळ्यांची पायवाट लागली. शेवटी गाडी एका पडीक दगडखाणीच्या काठावर येऊन उभी राहिली. खाली हिरवं पाणी साचलेलं. यंत्र म्हणालं, “आपण पोचला आहात.”

ऊन चढलं होतं. प्रयागाने फडकं उचललं. अळ्या जाग्या झाल्या होत्या आणि पाला शोधत ट्रेभर फिरत होत्या.

जवळच एक म्हातारा मेंढरं चारत होता. भानुदास धावत त्याच्याकडे गेला. म्हाताऱ्याने वस्तीचं नाव ऐकलं, जरा वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, “मला न्हाई ठाऊक, बापू. मी हिकडचा न्हाई. पर खालच्या मळ्यात जा. तिथल्या माणसाची लेक त्या वस्तीवर दिली हाय. त्याला ठाऊक असंल.”

भानुदास पाहतच राहिला. ‘मला न्हाई ठाऊक’ म्हणताना म्हाताऱ्याला ना लाज वाटली होती, ना कमीपणा. असं बोलूनही माणूस जागच्या जागी शाबूत उभा राहू शकतो, हे त्याने आज पहिल्यांदा पाहिलं. मळेवाल्याने नीट खुणा सांगितल्या आणि अर्ध्या तासात गाडी सोजरबाईच्या दारात पोचली.

तोवर व्हायचं ते झालं होतं. खिडकीकडचे दोन ट्रे उन्हाने करपले होते. बाकीच्यांतल्या काही अळ्या वळवळत होत्या, काही नुसत्याच पडून होत्या.

सोजरबाईने ट्रेकडे पाहिलं, मग भानुदासकडे. “भाऊ, ह्या राहिलेल्या तरी जगतील का?”

‘जगतील की मावशी, त्यात काय!’ हे शब्द भानुदासच्या अगदी ओठांवर आले. त्याच्या गावात कुणीही हेच म्हणालं असतं. बाईला धीर आला असता आणि त्याचीही सुटका झाली असती. पण गोठ्याच्या दारात दोन धार लावलेले कोयते टेकवून ठेवलेले त्याला दिसले. शेजारी मुलगा आणि सून उभे होते. दोघेही त्याच्या तोंडाकडे बघत होते.

तो म्हणाला, “मावशी, मला माहीत नाही.”

त्याला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. मग तो पुढे म्हणाला, “पण ज्याला माहीत आहे त्याला विचारतो. तोवर ट्रेला कुणी हात लावू नका.”

वस्तीवर एका निंबाखालीच काय ती फोनला रेंज येई. तिथे उभं राहून त्याने तालुक्याच्या रेशीम अधिकाऱ्यांना फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं विचारलंत. मेलेल्या अळ्या जिवंत अळ्यांत राहिल्या असत्या, तर रोग सगळ्या मांडण्यांवर पसरला असता. आधी त्या काढा. बाकीच्यांना सावलीत कोवळा पाला बारीक चिरून घाला. संध्याकाळपर्यंत जी पाल्याला तोंड लावणार नाही, तीही वेगळी करा.”

भानुदास आणि प्रयागा परत गेले नाहीत. घरच्यांबरोबर बसून त्यांनी दिवसभर एकेक अळी निवडली. संध्याकाळी हिशेब लागला : चार आणे गेल्या, बारा आणे तगल्या. गोठ्यात पाला कुरतडल्याचा बारीक आवाज सुरू झाला, तेव्हा सोजरबाईला रडू आलं.

चार दिवसांनी भानुदास त्याच दुकानात गेला आणि काळं यंत्र देऊन करडं मागितलं. दुकानदार म्हणाला, “अहो, हे मधेच अडतं बरं का.”

“अडतं तिथं अडलो म्हणून सांगतं ना? मग द्या,” भानुदास म्हणाला.

सोजरबाईचे कोष वेळेवर विकले गेले. थोडे कमी भरले, पण चांगले भरले. मुकादम तिसऱ्यांदा आला आणि चहा पिऊन परत गेला.

पुढच्या पिकासाठी सोजरबाईने पुन्हा भानुदासकडेच मागणी नोंदवली. शेजारणीला नवल वाटलं. “अगं, ज्यानं उशीर करून तुझ्या अळ्या मारल्या, त्याच्याकडूनच?”

“उशीर केला, खरंय,” सोजरबाई म्हणाली. “पर माझ्या दारात उभा राहून ‘मला माहीत नाही’ म्हणाला. त्या दिवशी तो ‘जगतील’ म्हणाला असता ना, तर मी त्याच्यावर इस्वास ठेवला असता. आन् आज माझी पोरं उसाच्या फडात असती.”

तात्पर्य: यंत्र असो की माणूस, जिथे माहीत नाही तिथे ‘माहीत नाही’ असं जो सांगतो, त्याच्याच बाकीच्या सांगण्यावर भरवसा ठेवावा.