साखळी वाजली नाही

खडखडत नांगराची साखळी खाली आली आणि प्रवाळाचं झाड कडकन मोडलं. त्याला फार वर्षं झाली. पण वर होडीची सावली पडली, की म्हातारा गोबरा मासा अजूनही कपारीत मागे सरकायचा. त्या झाडाखालीच तेव्हा त्याचं घर होतं.

एके सकाळी समोर एक कासवीण तुटक्या जाळ्यात अडकली. श्वासासाठी तिला वर जायलाच हवं होतं. ती जितकी धडपडे, तितकं जाळं आवळे आणि गाळ उठे. तेवढ्यात होडी आली. असली जाळी काढायला डायव्हिंग क्लबची एक बाई पाण्यात उतरली, पण गाळात तिला काही दिसेना.

"आजोबा, तिच्या हातात सुरी आहे," कासवीण म्हणाली.

"बघतोय गं. साखळी वाजली का?"

"माझा श्वास संपत आलाय, आणि तुम्हाला साखळीचं पडलंय! नाही वाजली. त्यांनी नांगर टाकलाच नाही, होडी तरंगत्या पिंपाला बांधलीय."

"मग ही ती माणसं नव्हेत. तू आता हलू नकोस."

गोबरा कपारीतून बाहेर आला, बाईच्या चष्म्यासमोर क्षणभर थांबला आणि गाळात शिरला. बाई मागोमाग आली. कासवीण डोळे मिटून पडून राहिली. एकेक दोरा तुटला. शेवटचा तुटताच ती सुसाट वर गेली. तिने घेतलेला श्वास गोबऱ्याला खालपर्यंत ऐकू आला.

बाईने जाळं गोळा केलं. मोडक्या प्रवाळाला बोटभर नवी फांदी फुटली होती. तिला धक्का लागू नये म्हणून बाईने पाय आखडून घेतले आणि ती वर निघून गेली.