बागायतदाराची रुंद शवपेटी

खूप खूप वर्षांमागची ही गोष्ट. गावाचं नाव विचारू नका, असली माणसं कुठल्याही गावात निघतात. समुद्राकाठच्या त्या गावात एक म्हातारा बागायतदार राहत होता. नारळीच्या बागा, सोन्याच्या साखळ्या, चांदीची ताटं, सगळं होतं. तरी सकाळी उठला की त्याला वाटायचं, काहीतरी कमी आहे. काय ते मात्र सापडत नसे. मग तो आणखी थोडं जमवायचा.

शेजारी एक विधवा राहायची. कुंपण हळूहळू सरकवत त्याने तिचं निम्मं अंगण गिळलं होतं. ती भांडली, रडली, शेवटी गप्प बसली.

एका रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबा म्हणाले, "मरताना इथलं काही बरोबर नेता येत नाही. देव माणसाला हाक मारतो, त्याच्या सामानाला नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन जेवले. बागायतदाराला मात्र घास गिळवेना. त्याच्या छातीत दुखू लागलं होतं, वैद्यानेही तोंड वाकडं केलं होतं. नेता येत नाही म्हणजे काय? कुणी नेऊन बघितलंय का? मग एवढं जमवलं ते कुणासाठी? विचार करून करून डोकं भणभणलं, तेव्हा त्याने सुताराला बोलावलं.

"माझी शवपेटी आत्ताच करून ठेव. पण रुंद कर. कडेला ताटं मावली पाहिजेत, पायाशी साखळ्यांचा डबा."

सुतार गोंधळला. "शेठ, माप तुमचं घेऊ की सामानाचं?"

"दोघांचं घे!"

पेटी झाली. मग नवीनच काळजी. एवढं ओझं लोकांना उचलवलं नाही तर? वाटेतच टाकून दिलं तर? म्हणून त्याने पेटीत सामान भरलं, स्वतः आत आडवा झाला आणि आळीतल्या चौघांना हाक मारली.

"उचला. कबरस्तानापर्यंत नेऊन दाखवा."

"शेठ, अजून जिवंत आहात तर चालत या की," एकजण म्हणाला. "आम्ही ताटं आणतो."

"मेल्यावर कसा चालू?"

"आणि मेल्यावर ताटात जेवणार कसे?"

"तोंड बंद ठेव आणि खांदा दे!"

चौघांनी हसू दाबत पेटी उचलली. जेमतेम कुंपणापर्यंत गेले आणि पेटीचा तळच सुटला. ताटं खणखणत पडली, साखळ्या धुळीत पसरल्या आणि त्यांच्यावर बागायतदार आपटला. कपाळ फुटलं. श्वास छातीत अडकला. 'माझं सोनं!' असं त्याला ओरडायचं होतं, पण आवाज फुटेना. आता आपण मरणार, आणि हे सगळं इथेच राहणार, एवढंच त्याला कळलं.

डोळे उघडले तेव्हा डोकं शेजारणीच्या मांडीवर होतं. ती पदराने रक्त टिपत होती. एकजण वारा घालत होता, एकजण पाणी आणायला पळाला होता. सोनं पडलं होतं तिथेच होतं. त्यावरून एक कोंबडी चालत गेली.

"साखळ्या कुणी उचलल्या नाहीत?" त्याने पुटपुटत विचारलं.

"साखळ्यांना कुठं लागलंय?" शेजारीण खेकसली. "लागलंय तुम्हाला. गप पडून राहा, भाऊ."

"पण मी तर तुझं अंगण…"

"घेतलंत, ठाऊक आहे. म्हणून काय रक्त वाहू देऊ?"

बागायतदाराला वाटायचं, सगळ्या गावाचा डोळा आपल्या सोन्यावर आहे. आज सोनं उघड्यावर पडलं होतं आणि लोक बघत होते त्याचा श्वास चालतोय की नाही ते. हे त्याच्या डोक्यात बसेना. तो लहान मुलासारखा रडू लागला.

कपाळाची जखम भरली तेव्हा त्याने डबा उचलून शेजारणीपुढे ठेवला. ती म्हणाली, "सोनं घेऊन काय करू? माझं अंगण द्या."

त्याने स्वतःच्या हातांनी कुंपण उपटलं आणि पूर्वीच्या जागी नेऊन रोवलं. सोनं, चांदी गावातल्या गरिबांकडे गेली. पुढे तो वर्षभर जगला. एवढं सगळं देऊन टाकल्यावर आता काही कमी आहे असं का वाटत नाही, हे पाद्रीबाबांना तो पुन्हा पुन्हा विचारायचा, आणि उत्तर ऐकायचं सोडून शेजारणीच्या अंगणात गप्पा मारायला जायचा.

लोभाने जमवलेलं धन माणसाला रिकामंच ठेवतं; देवाच्या प्रेमाने शेजाऱ्याला जे दिलं, तेवढंच देणाऱ्याचं स्वतःचं होतं.