बिनघुंगरांचा पोळा

धामणझरीचा पोळा पाहायला आलेला पाहुणा आधी बुचकळ्यात पडतो. बैल सजलेले असतात, शिंगांना बेगड असते, पाठीवर झुली असतात. पण एकाही बैलाच्या गळ्यात घुंगरू नसतं आणि कुठे डफडं वाजत नाही. तोरणसुद्धा गावाच्या मैदानात नाही, तलावाच्या उंच पाळीवर बांधलेलं. असं का, म्हणून विचारलं की म्हातारे महादबा हातझाडे पाहुण्यांना पाळीवरच बसवून घेतात आणि पैकू पाणकराची हकीकत सांगतात.

नागपूरला भोसल्यांचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट, असे सांगतात. पैकू या तलावाचा पाणकर होता. भाताच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, पाणी सोडायचं आणि पावसाळ्यात पाळ राखायची, हे त्याचं काम. त्याचं घर पाळीच्या टोकाला, टेकाडावर एकटंच होतं. बाकीचं गाव खाली, पाळीच्या पायथ्याशी. लग्नाला बरीच वर्षं होऊनही त्याच्या घरी पाळणा हलला नव्हता. त्या साली त्याच्या बायकोला, झनकाला, दिवस गेले तेव्हा गावाला आपल्याच घरचं कौतुक असल्यासारखं झालं म्हणे. पैकूचा थोरला भाऊ सोमा तर येताजाता खालूनच ओरडायचा, "काय रे पैकू, झालं का?"

श्रावणातली अमावस्या आली. पोळ्याचाच दिवस, आणि सकाळपासून झनकाला कळा सुरू झाल्या. कित्येक दिवसांची झड नुकती उघडली होती, तलाव काठोकाठ भरला होता. सुईणीने पैकूला घराबाहेर काढलं.

"तुझं इथं काही काम नाही. जाय, आपला तलाव पाहा."

तो पाळीवर गेला. पाळ थोडीफार झिरपते, त्याची त्याला सवय होती. पण त्या दिवशी पायथ्याशी एका जागी पाणी गढूळ येत होतं. गढूळ पाणी म्हणजे आतली माती निघाली. त्याने गवताच्या पेंढ्या कोंबल्या, दगड लावले, अंगावरची घोंगडी कोंबली. भोक हाताएवढं होतं ते टोपलीएवढं झालं. एकट्या माणसाच्या हातून ते आवरणारं नव्हतं.

खाली मैदानात तोरणाखाली सारं गाव गोळा झालं होतं. बैलांच्या जोड्या ओळीने उभ्या होत्या, घागरमाळा खणखणत होत्या, डफडी घुमत होती. पैकू धावत पाळीच्या माथ्यावर चढला आणि जीव खाऊन ओरडला, "पाळ फुटते! वर या! वर याऽऽ!"

कुणी मान वर केली नाही. त्याने डोक्याचा लाल पटका सोडला आणि दोन्ही हातांनी हलवू लागला. तेव्हा सोमाचं लक्ष गेलं. सोमाने वर पाहिलं, हसला आणि आपलाही पटका सोडून हवेत उडवला. त्याने पाटलाला खूण केली, पाटलाने वाजंत्र्यांना. सगळ्यांनी एकदम वर तोंड करून आरोळी ठोकली.

पैकूला क्षणभर काही कळेना. मग कळलं. त्यांना वाटलं होतं, पैकूच्या घरी बाळ झालं.

त्याच्या आनंदात आनंद म्हणून गाव आणखी जोरात वाजवू लागलं. तो नको नको म्हणून हात हलवत होता, तसतशी डफडी चढत होती. तो उतारावरून खाली धावत सुटला. अर्ध्या वाटेत होता, तेवढ्यात मागून जमीन हादरल्यासारखा आवाज झाला आणि पाणी त्याच्या बाजूने, त्याच्या आधी, खाली गेलं.

सोमा गेला. पाटील गेला. दावी सोडायला वेळ न मिळालेले बैल जागच्या जागी गेले. पैकू उतारावरच्या एका मोहाच्या झाडाला धरून राहिला आणि पाहत राहिला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. वाजंत्रं थांबलं होतं. त्या शांततेत टेकाडावरून बाळाचं रडणं ऐकू आलं, असे सांगतात.

मुलगी झाली होती. मागे राहिली म्हणून झनकाने तिचं नाव राही ठेवलं.

पैकूला कुणी बोल लावला नाही. वाचलेली माणसं एवढंच म्हणायची, "आम्हाला वाटलं, पोर झालं." ते ऐकलं की तो उठून जायचा. पाळ पुन्हा बांधली गेली. पोळा मात्र बंद झाला. त्या तिथीला घरोघरी गेलेल्यांच्या नावाने पान वाढलं जाई. राहीचा वाढदिवसही त्याच तिथीला. बाया सकाळी येऊन पोरीला कुंकू लावायच्या आणि तिथूनच रडायला सुरुवात व्हायची. बापाने तिला त्या दिवशी कधी जवळ घेतलं नाही. तिच्याकडे पाहिलं की त्याला सोमाचा उडवलेला पटका दिसायचा. तो काय करणार, आणि तीही काय करणार?

राहीचं लग्न ठरलं त्या साली पोळ्याच्या दिवशी ती बापासमोर उभी राहिली.

"बा, तू कोणती हाक मारली होती?"

पैकूने मान फिरवली. पण ती हलेना, तेव्हा त्याने हळू आवाजात सांगितलं.

ती पाळीवर गेली आणि गावाकडे तोंड करून तिने हाक दिली, "वर याऽऽ!" त्या दिवशी गावात घुंगरू नव्हतं, वाजंत्रं नव्हतं. हाक घराघरांत ऐकू गेली. माणसं बाहेर आली. कुणीतरी म्हणालं, "आलो!" मग दुसरा, मग तिसरा. गोठ्यांतले बैल सोडून सगळे पाळ चढू लागले. पैकूही त्यांच्यात होता. वर पोचल्यावर त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "सगळे आले का?"

माणसं पाण्याकडे तोंड करून उभी राहिली.

आजही धामणझरीत पोळ्याला राहीच्या वंशातली लेक पाळीवरून हाक देते, आणि गाव "आलो" म्हणत बैल घेऊन वर चढतं. सगळे जमले की ती विचारते, "सगळे आले का?" त्याला उत्तर द्यायची रीत नाही. माणसं पाण्याकडे तोंड करून उभी राहतात आणि थोड्या वेळाने कुणीतरी पहिल्या बैलाला पुरणपोळीचा घास भरवतं.