पायरीवरचा निखारा

सावरून बसा मंडळी, आज सांगतो ती गोष्ट आंबेघळची! श्रीरूपगीर महाराज तेव्हा त्या गावी ओढ्याकाठच्या मारुतीच्या देवळात मुक्कामाला होते. गाव डोंगरउतारावर विखुरलेले. तरणी माणसे पोटापाण्यासाठी परमुलखात गेलेली आणि घरोघर एकेक म्हातारे जीव मागे राहिलेले. कुणी आजारी पडले तरी शेजाऱ्याला पत्ता लागत नसे.

महाराजांनी एक रीत घालून दिली. रात्री सगळ्यांनी चुली विझवायच्या. सकाळी धुनीतला विस्तव खापरात घालून पहिल्या घरी जायचा, त्या घरच्याने तो दुसऱ्या घरी पोचवायचा. महाराज म्हणाले, "विस्तव जिथे अडेल, तिथे माणूस अडले आहे असे समजा आणि धावा."

तान्हुबाई नावाच्या गरीब विधवेच्या पुढचे घर बयाजीराव देशमुखांचे. एक गडी सोडला तर एकटेच राहत, पण ताठा केवढा! "माझ्याकडे आगपेटी आहे, म्हातारे! तुझ्या बुवाची भीक माझ्या चुलीला नको," असे ते चारचौघांत हिणवत.

तान्हुबाई रडतच महाराजांकडे आली. "महाराज, त्या दारी पाय वळत नाही हो!"

"तान्हे, आत जाऊ नकोस. दाराबाहेर पायरीवर निखारा ठेव आणि पुढच्या घरी मालू गुरवाकडे जा. बाकीचे तो निखारा पाहील."

ती रोज निखारा ठेवी. देशमुख रोज तिच्या देखत त्यावर तांब्याभर पाणी ओतीत आणि मोठ्याने हसत.

श्रावण लागला. देशमुखांचा गडी पंचमीसाठी आपल्या गावी गेला. पावसाने नुसती झोड उठवली होती. एका सकाळी दार उघडले नाही, तेव्हा तान्हुबाई निखारा ठेवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तो काय! पायरीवरून पाण्याचे लोट वाहताहेत आणि त्यात कालचा निखारा लालबुंद फुललेला!

"अगं बाई! हा कालचा! म्हणजे देशमुख कालपासून बाहेरच आले नाहीत!"

तिने हाका मारल्या. आतून हूं नाही की चूं नाही! ती तशीच धावत देवळात गेली आणि घंटा बडवू लागली. सारे म्हातारे गाव काठ्या टेकीत, घसरत, एकमेकांना धरीत धावले. सगळ्यांनी मिळून दार रेटले, कडी तुटली! देशमुख न्हाणीत पडलेले, मांडी मोडलेली, श्वास कसाबसा चाललेला. कुणी घोंगडे पांघरले, कुणी पेज शिजवली, मालू वैदूला घेऊन आला. मागोमाग आलेल्या महाराजांनी त्यांच्या ओठांना धुनीची राख लावली, आणि देशमुखांनी डोळे उघडले! केवढा आनंद झाला हो गावाला!

पुढे महिनोन्‌महिने त्यांना आळीपाळीने गावाने सांभाळले. काठी घेऊन उभे राहता येताच ते देवळात आले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. "महाराज, मी रोज त्याच्यावर पाणी ओतले, आणि तो माझ्यासाठी पावसात जळत राहिला!"

महाराज हसले. "अहो, माझे पाय काय धरता? तान्हुबाई केव्हाची खापर घेऊन तुमच्या पायरीशी थांबली आहे. मालूची चूल अजून थंड आहे."

देशमुख लगबगीने घरी परतले. पायरीशीच, भर रस्त्यात त्यांनी तान्हुबाईसमोर मस्तक लववले, दोन्ही हात पुढे करून खापर मागून घेतले आणि मग काठी टेकीत मालू गुरवाच्या चढाला लागले.